सांबऱ्याहून मुंबई: अंतर ४०३ किलोमीटर, मग सव्वा तास कशाला?

माझी भाची बेळगावजवळ येळ्ळूरला दहावीत आहे. गणपतीला तिचे काका मुंबईहून विमानाने आले, तेव्हा त्यांचं तिकीट बघून ती म्हणाली, "मामा, विमान ताशी आठशेने जातं ना? मग अर्ध्या तासात पोचायला पाहिजे. इथे सव्वा तास का लिहिलाय?" प्रश्न चोख होता. आम्ही वही घेऊन बसलो.

आधी अंतर. निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे करत हायवेने गेलं तर जवळपास पाचशे किलोमीटर होतात. हवाई अंतर मात्र घरीच काढता येतं. बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८६ अंश उत्तर, ७४.६२ पूर्व, मुंबईचा १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशांचं तसं नाही. मोसंबीच्या फोडी टोकाला निमुळत्या होतात, तसे ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो. म्हणजे उत्तरेला ३५८, पश्चिमेला १८६. पुढचं काम पायथागोरसचं: ४०३ किलोमीटर. लंडनचं अंतर असं निघणार नाही, तिथे पृथ्वीची गोलाई धरावीच लागते. मुंबईपुरतं हे चालतं.

आता वेळ. ताशी आठशे हा जेट विमानाचा वरचा, स्थिर उड्डाणातला वेग. पंख्यांवर चालणारं छोटं एटीआर विमान तर वरही ताशी पाचशेच्या आसपासच असतं. आणि एवढ्या जवळच्या प्रवासात विमान त्या वेगात राहतं तरी किती वेळ? आधी चढायचं, मग उतरायचं, आणि उतरणं फार आधी सुरू होतं. हजार फूट खाली यायला साधारण साडेपाच किलोमीटर पुढे जावं लागतं. तीस हजार फुटांवरून म्हणजे १६५ किलोमीटर! नकाशावर सरळ रेघ मारून मुंबईपासून तेवढं मागे मोजलं, तर बोट महाबळेश्वर-खेडच्या मधे येतं. इंजिनाचा आवाज एकदम दबतो आणि कानात दडे बसायला लागतात, ते तिथून पुढे.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधली. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटरवर आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा साधारण सात टक्के विरळ. पंखांना तेवढाच उचल मिळायला विमानाला जमिनीवर जवळपास चार टक्के जास्त वेगाने धावावं लागतं. वेळेत याने काही सेकंदांचाच फरक पडतो, पण मला ही गोष्ट फार आवडते: आपल्या गावची उंची विमानाला कळते.

खरी मेख तिकिटावरच्या वेळेत आहे. ती विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी असली की आकाशात घिरट्या आल्याच, आणि उतरल्यावर जमिनीवरची रांग वेगळी.

परतताना भाचीने काकांना बजावलं, चाकं सुटली कधी आणि टेकली कधी ते लिहून पाठवा. मधे ५२ मिनिटं भरली. तिने भागाकार केला, ताशी ४६५. मग पेन्सिलीने बाजूला लिहिलं, 'वाट सरळ नसणार, म्हणून खरा वेग जास्त.'