रक्ताच्या रिपोर्टवरून एंडोमेट्रिऑसिस ओळखता येईल का?

पाळीच्या दिवसांत अंथरुणातून उठवत नाही, दर महिन्याला कॉलेज किंवा ऑफिस बुडते, आणि घरात मात्र ‘लग्न झाले की थांबेल’ एवढेच ऐकावे लागते, अशा मुलीला रक्ताच्या एका साध्या तपासणीतून उत्तर मिळावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कोथरूडपासून हडपसरपर्यंत पुण्यात पॅथॉलॉजी लॅबची वानवा नाही; सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातील दाहाची खूण असलेले प्रथिन) आणि सीए-१२५ (एक प्रथिन) यांचे रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत हाती येतात. त्या आकड्यांवरून एंडोमेट्रिऑसिस आहे किंवा नाही, हे किती खात्रीने सांगता येते, ते मात्र नीट समजून घ्यायला हवे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर किंवा आतड्यालगत वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना तो आहे. या पेशीही संप्रेरकांना प्रतिसाद देतात, त्यांच्यातूनही रक्तस्राव होतो, आणि तो निस्तरण्यासाठी तेथे मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी जमतात. या पेशी इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह (इन्फ्लमेशन) वाढवणारी प्रथिने सोडतात; प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे वेदना वाढते, नव्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू तयार होतात, आणि कालांतराने अवयव एकमेकांना चिकटतात.

दाह आहे म्हणजे रक्तात त्याची खूण सापडेल, ही अपेक्षा चुकीची नाही. अडचण अशी आहे की हा दाह मुख्यतः ओटीपोटात घडतो, आणि तेथील द्रवात ठळकपणे वाढलेली प्रथिने संपूर्ण शरीरातील रक्तात मिसळेपर्यंत पुष्कळ विरळ होतात. शिवाय ही प्रथिने एकट्या या आजाराची नाहीत. इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करते, पण तो इशारा घशाच्या संसर्गातूनही येतो आणि लठ्ठपणातूनही. सीबीसीमधील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तरावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. न्यूट्रोफिल ७० टक्के आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील तर ते ३.५ येते. हिशोब सोपा आणि तपासणी स्वस्त असली, तरी पावसाळ्यात पुण्यात घरोघरी येणारा विषाणूजन्य ताप, एखादा जिवाणूसंसर्ग किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या यांपैकी कशानेही हे गुणोत्तर बदलते. तापातून नुकत्याच उठलेल्या मुलीच्या अशा आकड्यावर एंडोमेट्रिऑसिसचा निष्कर्ष काढणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

सीए-१२५ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंडाशयाच्या कर्करोगावरील संशोधनातून हे प्रथिन पुढे आले. ते दाहाचे थेट मोजमाप नव्हे, परंतु पोटातील आवरणाला चेतवणी मिळाली की ते वाढते. म्हणून पाळी, गर्भारपण, गर्भाशयातील गाठी आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा पोटाचा क्षयरोग, या सगळ्यांत ते वाढलेले दिसू शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार दर मिलिलिटरला ३० युनिट ही मर्यादा धरली, तर आजार असलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के स्त्रियाच या तपासणीत सापडतात आणि आजार नसलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के स्त्रियांचा रिपोर्ट योग्यरीत्या सामान्य येतो. समजा १,००० स्त्रियांपैकी १०० जणींना आजार आहे. त्यांतील ५२ जणी सापडतील, ४८ जणींना ‘सर्व ठीक’ असे सांगून घरी पाठवले जाईल, आणि उरलेल्या ९०० पैकी ६३ जणींच्या मनात विनाकारण भीती घातली जाईल. यांतल्या त्या ४८ जणींची मला अधिक काळजी वाटते, कारण त्यांच्या वेदनेवर शंका घ्यायला आता एक छापील कागद मिळालेला असतो.

त्याच वर्षी, वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १४१ अभ्यास आणि १२२ रक्तसूचक (आजाराची खूण म्हणून रक्तात मोजले जाणारे घटक) तपासले गेले. निदानासाठी नेहमीच्या वापरात आणावा इतका भरवशाचा एकही निघाला नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी रक्तसूचक वापरू नयेत असे म्हटले आहे.

याच सूचनांतील दुसरा बदल रुग्णांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही आता निदानाची पहिली पायरी मानली जात नाही. लक्षणांची सविस्तर माहिती, तपासणी, आणि अनुभवी तज्ज्ञाने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे या आजारात अंडाशयात जुने रक्त साचून झालेली गाठ, सोनोग्राफीत चांगली दिसते. आवरणावरचे वरवरचे ठिपके मात्र बहुधा निसटतात, त्यामुळे सोनोग्राफीचा रिपोर्ट सामान्य आला तरी आजार नाही असे ठरत नाही.

आणि नेमक्या याच निसटणाऱ्या रुग्णांसाठी रक्ततपासणीचा शोध चालू राहणे आवश्यक आहे. आता अनेक प्रथिने आणि सूक्ष्म आरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे रेणू) यांचा एकत्रित विचार होतो आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतीय रुग्णांची क्लिनिकल आणि जनुकीय माहिती गोळा करण्याचा प्रकल्पही हाती घेण्यात आला आहे. अशा संशोधनात रक्त पाळीच्या कोणत्या दिवशी घेतले, त्या वेळी हॉर्मोनच्या गोळ्या चालू होत्या का, आणि तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रिया पूर्ण निरोगी होत्या की इतर कारणाने पोटदुखी असलेल्या, याची नोंद काटेकोर असावी लागते. कारण दवाखान्यात प्रत्यक्ष प्रश्न पडतो तो दुखणाऱ्या दोन पोटांमधला फरक ओळखण्याचा.