बॅटरी बदलली आणि टेप कोड मागू लागला: जुन्या गाड्यांतल्या कुलूपबंद रेडिओची पार्श्वभूमी

पंधरा-वीस वर्षं जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियाची बॅटरी बदलली की टेपच्या पडद्यावर 'सेफ' येतं, होंडा अकॉर्डवर 'कोड' येतं, फियाटवर चार रेघा दिसतात. गाडीचा मूळ मालक मुंबई-पुण्याचा असतो, कागदपत्रांची पिशवी त्याच्याकडेच राहिलेली असते, आणि एमएच-०९ वर गाडी चढवलेल्या कोल्हापूरच्या तिसऱ्या मालकाला कोड नावाचं काही असतं हेच माहीत नसतं. मग उद्यमनगरात विचारणा होते आणि 'टेप गेला' असं निदान मिळतं. बहुतेक वेळा टेप ठणठणीत असतो. त्याला जे काम दिलं होतं ते तो करत असतो, एवढंच.

हे काम त्याला युरोपात मिळालं. गाडीतला रेडिओ मुळात महागडी चैन होती. १९३० मध्ये अमेरिकेत गॅल्विन कंपनीने मोटोरोला नावाने तो विकायला काढला, १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर ५ आला. हे डबे मोठे, व्हॉल्व्हचे, गाडीगणिक वेगळे बसवलेले. चोरून नेले तरी दुसऱ्या गाडीत बसणं अवघड. ट्रान्झिस्टर आले, १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, १९८४ मध्ये गाडीत सीडी वाजू लागली, आणि डबा लहान होत गेला. खरी गोम मात्र मापाची झाली. जर्मन डिन मानकाने रेडिओची खाच १८० बाय ५० मिलिमीटर ठरवली आणि तेच माप पुढे आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपात सर्वत्र गेलं. कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही गाडीत बसू लागला. गिऱ्हाइकाची सोय झाली, चोराची त्याहून जास्त: काच फोडा, डबा ओढा, संध्याकाळी विका.

त्यावर आधी साधे उपाय निघाले. टेप मुठीला धरून घरी नेता येईल अशी सरकती चौकट आली, मग फक्त दर्शनी पट्टी काढून खिशात टाकायची सोय आली. ब्लाउपुंक्टने तर कार्ड घातल्याशिवाय न चालणारे टेप काढले. पण मालक कंटाळतो, चौकट गाडीतच राहते. म्हणून गाडी बनवणाऱ्यांना मालकाने काहीच करायला नको असा उपाय हवा होता, आणि तो म्हणजे कोड. वीज तुटली की टेप मुका, कोड दिल्यावर बोलका. चोरलेल्या डब्याला बाजारात भाव राहणार नाही, हा हिशेब.

आपल्याकडे या काळात अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती ८०० धावत होत्या. त्यांत टेप बसवायचा तो बाहेरून, डॅशखाली पट्टीवर. कुलपाचा प्रश्नच नव्हता. ऐंशीच्या दशकात रद्द होईपर्यंत सरकारी अट होती ती पोस्टात भरायच्या रेडिओ परवान्याची. कोडवाले टेप आले उदारीकरणानंतरच्या गाड्यांबरोबर: नव्वदच्या दशकात मर्सिडीझ आणि ओपेल अॅस्ट्रा, २००१ मध्ये ऑक्टाव्हिया, मग होंडाच्या मोठ्या गाड्या. चोरीचा तो प्रकार इथे युरोपाइतका कधीच बोकाळला नव्हता, त्यामुळे कुलपात चोरांपेक्षा दुसरे-तिसरे मालकच जास्त अडकले.

कुलूप चालतं कसं हे कळलं तर निम्मी धडपड वाचते. टेपच्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी मेमरी चिप असते, बहुधा २४सी किंवा ९३सी मालिकेतली. कोड टिकवायला तिला वीज लागत नाही, तो तिच्यात कायम राहतो. शेजारच्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे टेप चालवणाऱ्या मुख्य चिपला, मात्र बॅटरीची सततची वीज लागते. ती तुटून परत आली की तो समजतो आपल्याला गाडीतून उपटलं, आणि कोड विचारतो. म्हणूनच 'रात्रभर बॅटरी काढून ठेवा, रिसेट होईल' हा सल्ला निरुपयोगी आहे. वीज जाण्यानेच जे लागतं ते आणखी वीज काढून उघडणार कसं?

या लॉकच्या ढोबळ तीन पिढ्या. पहिलीत कोड फक्त टेपमध्ये असतो. दुसरीत टेप गाडीची ओळख लक्षात ठेवतो आणि त्याच गाडीत परत जोडल्यावर गप्प राहतो. फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडाही त्यातलीच) नंतरच्या टेपमध्ये हे आहे, आणि होंडाच्या काही मॉडेलांत पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की टेप आपली गाडी ओळखून स्वतःच उघडतो. तिसरीत तो गाडीच्या नेटवर्कशी इतका बांधलेला असतो की कंपनीच्या संगणकाशिवाय हलत नाही. आपली गाडी कुठल्या पिढीतली, हे आधी ठरवावं.

पहिल्या पिढीत अंदाजाने आकडे मारणं हा सगळ्यांत महागडा उद्योग. जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये दोन चुका झाल्या की तासभर कुलूप. तो तास इग्निशन आणि टेप चालू ठेवूनच भरतो, किल्ली काढून घरी गेलात तर मोजणी थांबते. फियाटमध्ये थांबण्याचा वेळ १ मिनिट, २, ४, ८ असा वाढत २४ तासांपर्यंत जातो. होंडात दहा चुकांनंतर टेप एरर दाखवतो. फोर्डच्या काही टेपवर 'लॉक्ड १३' उमटलं की बटणांनी काही होत नाही, डबा खोलावाच लागतो. चार आकडी कोडाच्या दहा हजार शक्यता आणि मध्ये तासतासाचे खोळंबे. हिशेब तुम्हीच करा.

त्यापेक्षा अनुक्रमांक मिळवावा. होंडाच्या बऱ्याच टेपमध्ये किल्ली अॅक्सेसरीवर ठेवून, टेप बंद असताना १ आणि ६ ही बटणं दाबून धरायची आणि पॉवर दाबायचा. क्रमांक दोन तुकड्यांत पडद्यावर येतो. फोर्डच्या काही टेपवरही १ आणि ६, काहींवर २ आणि ६ धरून तो दिसतो. बाकीच्यांत टेप बाहेर काढून कुशीवरचं लेबल वाचावं लागतं. फोर्डच्या टेपला चार गोल भोकं असतात, त्यांत यू आकाराच्या दोन किल्ल्या 'टक्' होईपर्यंत घालून किंचित बाहेर ताणत ओढायचं. स्कोडाच्या चिरांना चपट्या पट्ट्या लागतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर बाजूचे स्प्रिंग वाकतात आणि चौकट कायमची सैल होते. स्कोडाचा क्रमांक 'एसकेझेड'ने सुरू होतो, फोक्सवॅगनचा 'व्हीडब्ल्यूझेड'ने. एकूण चौदा अक्षरं-अंक. पाच आणि एस, शून्य आणि ओ यांत गल्लत होते, म्हणून लिहून घेण्यापेक्षा फोटो काढावा. हा क्रमांक, चॅसिस नंबर, आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावं. ओपेलवाल्यांनी आधी 'कार पास' नावाचं कार्ड शोधावं, कोड त्यावरच असतो. ओपेल तर आपल्याकडून कधीच गेली, फियाटच्या गाड्या थांबल्या, शेव्हर्लेची विक्री २०१७ अखेर बंद झाली, आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं. या गाड्यांच्या मालकांसाठी जुन्या पिशवीतला कागद म्हणूनच मोलाचा.

जुन्या स्कोडात कोड असा भरतात: टेप चालू केल्यावर 'सेफ' येतं, काही क्षणांत '१०००' दिसतं. १ ते ४ ही बटणं एकेका स्थानाची. प्रत्येक दाबाला आकडा एकने वाढतो. शेवटी स्टेशन शोधायच्या बटणाची वरची बाजू 'सेफ' परत दिसेपर्यंत धरून ठेवायची. कोड बरोबर असून नाकारला गेला तर बटणांवर संशय घ्यावा. झिजलेल्या रबरामुळे एका दाबात दोन आकडे पुढे जातात. दर्शनी पट्टी काढून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की बरेचदा काम होतं.

वेगळं दुखणं म्हणजे कोड घेतला, टेप चालला, आणि किल्ली काढून पुन्हा लावली की परत कोड. इथे दोष टेपचा नसतो. आयएसओ जोडणीच्या 'ए' कनेक्टरमध्ये ४ नंबरच्या पिनवर कायमची वीज, ७ वर किल्लीची आणि ८ वर अर्थिंग अपेक्षित असतं. किल्ली काढून मल्टिमीटर लावा: ४ वर १२ व्होल्टच्या वर दिसायला हवं. नसेल तर फ्यूज गेलाय, किंवा आधीच्या कोणीतरी वायर फिरवलीय. जुन्या फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात, त्यामुळे बाहेरचा टेप बसवताना केलेली अदलाबदल मूळ टेप परत लावताना विसरली जाते आणि नेमकं हेच होतं. बॅटरी मरतुकडी असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज इतकं कोसळतं की टेपला ती तुटल्यासारखीच वाटते. 

कंपनीकडून कोड मिळालाच नाही तर चिप वाचणं उरतं, आणि ते नवख्याचं काम नाही. चिप बोर्डावर असताना क्लिप लावली तर प्रोग्रामरची, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राची, वीज मायक्रोकंट्रोलरलाही मिळते आणि वाचन गढूळ होतं. चिप उतरवून वाचलेली बरी. ९३सी मालिकेला मायक्रोवायर ही जोडणीची पद्धत चालवणारा प्रोग्रामर लागतो. दोनदा वाचून दोन्ही फायली जुळवाव्यात. फायलीत सगळीकडे 'एफएफ' (म्हणजे कोरं) असेल तर संपर्क बसलेला नाही. मूळ फाईल जपल्याशिवाय चिपवर एक अक्षरही लिहू देऊ नये. कोड कुठल्या जागी, सरळ की उलटा लिहिलाय, हे मॉडेलगणिक बदलतं. कारागिराने आरसी मागितली तर रागावू नये. न मागणाऱ्याकडेच जाऊ नये.

कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचं प्रकरण निराळं. पाणी आणि गाळ आत गेलेल्या टेपला आधी वीज देऊ नये. वीज असताना ओल्या बोर्डाचे पाय गंजून तुटतात. खोलून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच कोडाचा विचार.

शेवटचा मार्ग म्हणजे टेप बदलणं. भंगारातला जपानी टेप स्वस्त वाटतो, पण जुन्या जपानी टेपचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो; आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे आणि टोमॅटो एफएम ९४.३ वर, दोन्ही लागणार नाहीत. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये नवा टेप घातल्यावर खरखर वाढली तर अँटेना बदलायला धावू नका. छतावरच्या अँटेनातल्या अॅम्प्लिफायरला मूळ टेप केबलमधूनच १२ व्होल्ट पुरवत असतो. बाहेरच्या टेपसोबत ती वीज देणारा अडॅप्टर मध्ये जोडावा लागतो, आणि त्याची निळी वायर टेपच्या अँटेनाच्या वायरीला जोडायची, कायमच्या पिवळ्या वायरीला नाही, नाहीतर बॅटरी हळूहळू उतरत राहते.