शुल्कमुक्त आणि मुक्त आयात: एकाच ‘फ्री’चे दोन अर्थ

परदेशी मालाबद्दल सरकारची दोन वेगळी पुस्तकं आहेत आणि दोन्हींत ‘फ्री’ हा शब्द छापलेला असतो. कस्टम्स टॅरिफमध्ये दराच्या रकान्यात ‘फ्री’ असेल, तर त्या मालावर मूळ सीमाशुल्क नाही. डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पुस्तकात धोरणाच्या रकान्यात ‘फ्री’ असेल, तर तो माल आणायला परवाना लागत नाही. मराठी बातमीत पहिल्याचं ‘शुल्कमुक्त’ होतं, दुसऱ्याचं ‘मुक्त आयात’ होतं, आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसतात. मी नवी मुंबईत क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देण्याचं काम करतो. दराचा आकडा चुकल्यामुळे बसलेले फटके पाहिले आहेत, पण या एका शब्दाने घातलेले घाव त्याहून खोल असतात.

दोन्ही पुस्तकांमागचे प्रश्न निराळे आहेत. ‘किती भरायचं?’ हा प्रश्न अर्थ मंत्रालयाचा. सीमाशुल्क कायदा १९६२ चा, टॅरिफ कायदा १९७५ चा, आणि नोटिफिकेशन काढते सीबीआयसी, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ. ‘आणता येईल का, कोणत्या अटीवर, कोणत्या बंदरात?’ हा प्रश्न वाणिज्य मंत्रालयाचा. त्याचा कायदा १९९२ चा, नोटिफिकेशन डीजीएफटीचं. मालाचा आठ अंकी कोड दोन्हीकडे तोच असतो. त्यामुळे एकीकडे तपासलं की काम झालं असं वाटतं. बंदरावर मात्र दोन्हींची अंमलबजावणी कस्टम्सचाच अधिकारी करतो, आणि तिथे गोंधळ पक्का होतो: अडवलं कस्टम्सने, म्हणजे भानगड शुल्काचीच असणार!

हे नीट समजून घ्यायचं तर पिवळ्या वाटाण्यासारखं उदाहरण नाही. कोड ०७१३ १० १०. माल मुख्यतः कॅनडा आणि रशियातून येतो. हरभरा महागला की त्याची जागा हा वाटाणा घेतो, बेसनातही जातो, म्हणून लातूर-अकोल्याच्या हरभरा आणि तूर उत्पादकाचं त्याच्या प्रत्येक बोटीकडे लक्ष असतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं. हे झालं पहिलं पुस्तक. पण परदेशात भाव इतका पडलेला होता की शुल्क भरूनही माल येत राहिला. मग २०१८ मध्ये दुसरं पुस्तक उघडलं गेलं आणि डीजीएफटीने आणता येणाऱ्या मालावर वजनाची मर्यादा घातली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याहून कडक अटी आल्या: किलोला किमान २०० रुपये आयात किंमत आणि उतरवायला फक्त कोलकाता बंदर. बाजारात वाटाणा त्या किमतीच्या आसपासही नव्हता. कागदावर ‘बंदी’ हा शब्द नव्हता, पण माल यायचा थांबला. मला इथे नेहमी वाटतं की शुल्काच्या आकड्यावर बातमी होते, पण बाजार हलवते ती धोरणाची अट.

डिसेंबर २०२३ मध्ये दार उघडायचं ठरलं तेव्हा एका आदेशाने भागलं नाही. सीबीआयसीने शुल्क शून्यावर आणलं, आणि डीजीएफटीने किमान किमतीची व बंदराची अट काढून ऑनलाइन नोंदणीची अट घातली. यातला एकच आदेश निघाला असता तर? शुल्क शून्य, पण २०० रुपयांची अट कायम, म्हणजे एक किलोही आला नसता. पुढे मुदती वाढत वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत गेल्या.

आणि मग ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सीबीआयसीने आपली सवलत मधूनच मागे घेतली. १ नोव्हेंबरपासून ३० टक्के: १० टक्के मूळ शुल्क आणि २० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. डीजीएफटीची मुदत मात्र मार्चपर्यंत तशीच राहिली. त्या आठवड्यात डाळीच्या एका व्यापाऱ्याचा मला फोन आला. ‘दादा, मार्चपर्यंत फ्री आहे ना?’ होतं. परवान्यापुरतं. त्यांचा माल अजून जहाजावर चढलाच नव्हता, आणि बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती) ३१ ऑक्टोबरपर्यंतचं असेल तरच जुनी सवलत मिळणार होती. त्यांनी डीजीएफटीचं पान उघडून तारीख खात्री करून पाहिली होती, आणि ती तारीख बरोबरच होती. चुकलं होतं ते पुस्तक.

याची उलटी बाजू लॅपटॉपची. लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, आणि तेही जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराने बांधलेलं, म्हणजे सरकारला ते सहज वाढवता येत नाही. ३ ऑगस्ट २०२३ ला डीजीएफटीने लॅपटॉप, टॅब्लेट वगैरेंची आयात ‘रेस्ट्रिक्टेड’ केली. शुल्कात एका पैशाचा फरक नाही, पण परवाना सक्तीचा. ओरड झाल्यावर अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन परवानगीची पद्धत आणली. दराचा तक्ता भिंतीवर लावून बसलेल्या माणसाला यातलं काहीही दिसलं नसतं.

पाकिस्तानच्या मालावर तर दोन्ही हत्यारं वापरून झाली. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला तिथून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं. आपल्या डिंकाच्या लाडवातली खारीकही त्यात आली. तरीही कायद्याच्या भाषेत आयात चालूच होती. पैसे भरा आणि आणा. पहलगामनंतर २ मे २०२५ ला डीजीएफटीने बंदी घातली. थेट आणू नका, दुसऱ्या देशातून फिरवून आणू नका, वाटेत उतरवूनही नेऊ नका. २०० टक्के शुल्क भरायची तयारी असली तरी आता उपयोग नाही. त्याच वर्षी न्हावाशेवाला डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) दुबईमार्गे आलेले ३९ कंटेनर पकडले, तेव्हा मुद्दा बुडवलेल्या शुल्कापुरता राहिला नव्हता, मालच आणता येत नव्हता.

चुकल्यावर काय होतं, तेही दोन्हीकडे वेगळं. शुल्क कमी भरलं गेलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली नोटीस येते, फरक आणि वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं लागतं, आणि हेतू वाईट दिसला तर दंडही होतो. दुखतं, पण हा पैशांचा हिशेब आहे. धोरण मोडलं तर गाठ त्याच कायद्याच्या कलम १११ (डी)शी पडते आणि माल जप्त होऊ शकतो. निषिद्ध माल दंड घेऊन सोडायचा की नाही, हे ठरवणं अधिकाऱ्याकडे असतं. कोटा ओलांडून आणलेल्या कडधान्याच्या प्रकरणात जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माल दंडावर सोडायला नकार दिला आणि पूर्ण जप्ती कायम केली. त्या आयातदारांनी शुल्क बुडवलं होतं असा तो वादच नव्हता.

तारखेचं गणितही एक नाही. शुल्काचा दर साधारणपणे बिल ऑफ एंट्री (आयातदाराने कस्टम्सला द्यायचं मालाचं विवरण) भरल्याच्या तारखेचा लागतो, आणि जहाज यायच्या आधीच बिल भरलं असेल तर जहाजाला प्रवेश मिळाल्याच्या दिवसाचा. धोरणासाठी बीएलची तारीख बघतात, आणि त्यात एक आधारही आहे: माल ‘फ्री’ असताना बदलता न येणारी एलसी (विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी) उघडलेली असेल, तर नंतर निर्बंध आला तरी त्या एलसीपुरता माल साधारणतः आणू देतात. अट अशी की ती एलसी निर्बंध आल्यापासून १५ दिवसांत डीजीएफटीच्या विभागीय कार्यालयात नोंदवायची. शुल्काच्या बाबतीत असं काही नाही. सौदा जुना, एलसी जुनी, तरी दर नवाच, जोपर्यंत नोटिफिकेशनमध्येच वाटाण्यासारखी बीएलची सवलत लिहिलेली नसेल.

१६ फेब्रुवारी २०१९ चीच गोष्ट घ्या. ते नोटिफिकेशन रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी संकेतस्थळावर चढलं. अटारीला काही आयातदारांनी त्याच दिवशी आधी बिल ऑफ एंट्री भरलेलं होतं. कस्टम्सचं म्हणणं, तारीख तीच, म्हणून २०० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये आयातदारांच्या बाजूने निकाल दिला: नोटिफिकेशन प्रसिद्ध झालं त्या क्षणापासून लागू, त्याआधीच्या तासांना नाही. तेव्हापासून मी प्रत्येक बिलाच्या फाइलवर तारखेसोबत वेळही लिहून ठेवतो.

मग रोज बघायचं काय? सीबीआयसीच्या पानावर टॅरिफ नोटिफिकेशन्स, डीजीएफटीच्या पानावर नोटिफिकेशन्स आणि पब्लिक नोटिस. दोन्हींचे क्रमांकही फसवतात. कस्टम्सचा क्रमांक जानेवारीला एकपासून सुरू होतो, डीजीएफटीचा आता आर्थिक वर्षाप्रमाणे चालतो. शिवाय टॅरिफच्या पुस्तकातला छापील दर हा बहुतेक वेळा शेवटचा दर नसतो, खरा दर सवलतीच्या नोटिफिकेशनमध्ये असतो. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या तोंडी असलेलं ५०/२०१७ हे नोटिफिकेशन १ नोव्हेंबर २०२५ पासून गेलं. ते आणि इतर मिळून ३१ नोटिफिकेशन्स आता ४५/२०२५ मध्ये एकत्र केली आहेत. जुनं प्रिंटआउट अजून टेबलाच्या काचेखाली असेल तर आजच काढा.

माझ्या कार्यालयात आम्ही ऑर्डर पक्की करण्याआधी आठ अंकी कोडसमोर दोन ओळी लिहून घेतो. वरच्या ओळीत दर, नोटिफिकेशनचा क्रमांक आणि तो कधीपर्यंत. खालच्या ओळीत धोरण, त्याची अट, नोंदणी झाली की नाही, आणि ते कधीपर्यंत. दोन्ही ओळींतल्या मुदती वेगळ्या निघाल्या तर जी आधी संपते तिच्याखाली लाल रेघ मारतो, आणि पाठवणाऱ्याला मालाचं बीएल कधी निघणार ते त्याच दिवशी विचारतो.