महासाथीचे विकसनशील देशांवरील आर्थिक परिणाम

एखादा संसर्गजन्य रोग एकाच काळात अनेक देशांत पसरला की त्याला महासाथ म्हणतात. उत्पादन, रोजगार, व्यापार, सरकारी तिजोरी आणि घरखर्च यांना तिचा बसणारा फटका श्रीमंत देशांनाही चुकत नाही. पण विकसनशील देशांत त्याची जातकुळी वेगळी असते. तिथे बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात राबतात. आजची कमाई आजच संपते. सरकारकडे कर कमी जमा होतो आणि देशाच्या डोक्यावरचे बरेचसे कर्ज परक्या चलनातले असते. त्यामुळे रोगाने किती माणसे दगावली, एवढ्यावरून आर्थिक नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय जे नुकसान होते त्यातले बरेचसे अधिकृत आकड्यांत उतरतच नाही, आणि या विषयावरचे निम्मे वाद त्यातूनच निघतात.

आधीच्या साथी

साथीत माणसे मेली किंवा पळाली तर कामाला हात कमी पडतात. साथ रोखण्यासाठी व्यवहार बंद केले तर हातांना काम उरत नाही. दोन्ही प्रकारांत उत्पादन घटते, पण मजुराच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे १८९६ साली मुंबईत आलेली गाठीच्या प्लेगची साथ. काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती कोकणात, घाटावर आणि गुजरातेत निघून गेली. कापडगिरण्यांत तोवर पगार महिन्याचा आणि तोही मागाहून देण्याची रीत होती. अडकलेल्या पगारापायी कामगार गिरणीला बांधलेला राही. प्लेगने हा दोर तोडला. उरलेले कामगार रोजच्या रोज रोकड मागू लागले, गिरण्यांना ती द्यावी लागली, आणि हजर मजुरांसाठी गिरण्यांमध्ये रस्त्यावरच चढाओढीची बोली लागू लागली. सरकारने १८९७ साली साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, भारतातल्या राज्यांनी कोविडसाठी हाच कायदा पुन्हा हाती घेतला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात १.२ ते २ कोटी बळी घेतल्याचे अंदाज आहेत. मरणाऱ्यांत ऐन उमेदीतल्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे होते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि महायुद्धामुळे महागाई भडकलेली होती, त्यामुळे रोगाचा वाटा नेमका किती हे वेगळे काढणे अवघड आहे. तरी ही साथ पुढे अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या वादाचा पुरावा ठरली. गरीब देशांच्या शेतीत माणसे गरजेपेक्षा जास्त असतात, त्यांतली काही काढून घेतली तरी पीक घटत नाही, असे तेव्हा बरेच अर्थतज्ज्ञ मानत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या दशकात १९१८ चे आकडे पुढे ठेवले: शेतीवरचे मनुष्यबळ सुमारे ८ टक्क्यांनी घटले आणि पेरणीखालचे क्षेत्रही ३.८ टक्क्यांनी उतरले. म्हणजे ती माणसे फालतू नव्हती. अमर्त्य सेन यांनी त्यावर हरकत घेतली. मृत्यू सगळ्या घरांत सारखे वाटले जात नाहीत. एका घरातले सगळे कर्ते हात गेले तर त्या घराची जमीन पडीक राहते, मग शेजारच्या घरात माणसे जास्त का असेनात. सेन यांचा हा आक्षेप आजही उपयोगी आहे, कारण महासाथीचे सरासरी नुकसान सांगणारा कोणताही आकडा नेमके हेच लपवतो.

२०१४ ते २०१६ मधील इबोलाने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत ११,३०० हून अधिक माणसे मेली. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान. अर्थव्यवस्थेवरचा घाव मात्र खोल होता. आजारापेक्षा भीतीने जास्त नुकसान केले. विमाने बंद झाली, शेजारी देशांनी सीमा मिटल्या, आठवडी बाजार भरेनात, सावडीने होणारी शेतीची कामे खोळंबली. सिएरा लिओनचे सकल उत्पादन २०१५ मध्ये सुमारे एक पंचमांशाने घसरले. त्यात लोहखनिजाचे भाव कोसळून खाणी बंद पडल्याचा वाटा मोठा होता, हेही सांगितले पाहिजे.

टाळेबंदी आणि हातावरचे पोट

कोविड-१९ ला जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ म्हटले आणि पुढच्या पंधरा दिवसांत जगाचा मोठा भाग बंद झाला. टाळेबंदीची कल्पना ज्या देशांतून आली तिथे घरात बसलेल्या माणसाला पगार, बेकारी भत्ता किंवा निदान बचत यांचा आधार होता. जगातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक असंघटित क्षेत्रात आहेत. कमी उत्पन्नाच्या देशांत आणि भारतातही हे प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात जाते. त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद नसतो, त्यामुळे नोकरी गेल्याचाही कागद नसतो.

पेरू देशाची कथा या बाबतीत पाहण्याजोगी आहे. त्याने मार्च २०२० च्या मध्यालाच, म्हणजे लॅटिन अमेरिकेत सर्वांत आधी ज्यांनी पावले उचलली त्यांच्या बरोबरीने, कडक टाळेबंदी लावली. सरकारी कर्ज कमी आणि गंगाजळी भरलेली असल्याने मदतही सढळ जाहीर केली. पण २०१७ च्या जनगणनेनुसार तिथल्या जेमतेम निम्म्या घरांत फ्रिज होता. फ्रिज नसलेले घर आठवड्याचा बाजार एकदम भरून ठेवू शकत नाही. त्याला दर एक-दोन दिवसांनी मंडईत जावेच लागते. मंडया संसर्गाचे अड्डे बनल्या. मदतीची रक्कम घ्यायला, बँकेत खाते नसलेल्या लोकांनी बँकांपुढे रांगा लावल्या. तिथेही तेच झाले. वर्षअखेर पेरूचे सकल उत्पादन ११ टक्क्यांनी घटले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यू मोजले तर तो देश जगात सर्वांत वरच्या देशांमध्ये गेला. रोग किंवा रोजगार, यांपैकी एक निवडा, असा पेच तेव्हा सगळीकडे मांडला जात होता. पेरूच्या हाती दोन्हींपैकी काहीच लागले नाही.

भारतात २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या मुदतीने देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. शहरांत रोजंदारीवर असलेल्यांचे काम गेले, पाठोपाठ खोलीचे भाडे थकले, आणि लाखो लोक पायी गावाकडे निघाले. श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी; त्यांतून सुमारे ६३ लाख लोक परतले. दरम्यान ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेल्या आणि औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवरच झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले.

घराने अशा वेळी तग कसा धरला हे पाहायचे तर सोनेतारण कर्जाकडे पाहावे. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने दागिन्यांच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना मार्च २०२१ पर्यंत दिली. सवलत म्हणून ती योग्यच होती. पण संकटात घरातले शेवटचे किडूकमिडूक बाहेर निघते, याची ती सरकारी कबुलीही होती. दागिना गहाण टाकणे, शेळी विकणे, मुलाचे शिक्षण थांबवणे, सावकाराकडे जाणे या वाटांनी आजची चूल पेटते, पण उद्याच्या कमाईचे साधन हातचे जाते.

आकड्यांत न दिसणारे

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले, असा पहिला सरकारी अंदाज होता. तो धक्कादायक होता, पण बहुधा कमीच होता. तिमाही अंदाज बांधताना असंघटित उद्योगांची माहिती हाताशी नसते. मग नोंदणीकृत कंपन्यांचे आकडे पाहून बाकीच्यांचेही साधारण तसेच चालले असेल असे धरले जाते. सामान्य वर्षात हे खपून जाते. महासाथीत मात्र मोठ्या कंपन्या लवकर सावरतात आणि त्यांनी बळकावलेले गिऱ्हाईक असते बंद पडलेल्या छोट्या धंद्यांचे. कंपनीचा नफा वाढल्याचे पाहून छोट्याचेही बरे चालल्याचा निष्कर्ष निघावा, असा हा उलटा हिशेब आहे.

बेकारीचा आकडा त्याहून फसवा. रोजगाराची मोजणी करणाऱ्या सरकारी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतातला बेकारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता. जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षात तो ४.८ आणि पुढच्या वर्षात ४.२ टक्क्यांवर आला. महासाथीत बेकारी घटली, असे हा तक्ता म्हणतो. गावी परतलेला माणूस भावाच्या शेतावर बिनपगारी राबू लागला की सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार तो रोजगारात असतो. याच काळात काम करणाऱ्यांतला शेतीचा वाटा ४२.५ वरून ४६.५ टक्क्यांवर गेला. शेतीतून कारखान्यात आणि सेवांत माणसे जाणे हाच विकासाचा रस्ता मानला, तर गाडी कित्येक वर्षे मागे आली.

परकीय व्यवहारांच्या ताळेबंदातही असेच घडते. २०२०-२१ मध्ये भारताच्या चालू खात्यावर, म्हणजे आयात-निर्यात आणि परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्या कमाईच्या हिशेबात, सकल उत्पादनाच्या ०.९ टक्के शिल्लक पडली, एरवी तिथे तूट असते. तेल आणि इतर आयातीची मागणीच मेली होती, म्हणून ती शिल्लक. तिला कमाई म्हणणे म्हणजे उपाशी माणसाचे वजन उतरले म्हणून त्याची पाठ थोपटणे.

बाहेरून बसणारे तडाखे

रोग देशात शिरण्याआधीच पैसा बाहेर पडतो. मार्च २०२० या एका महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी उदयोन्मुख देशांच्या शेअर आणि रोखे बाजारांतून ८० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम काढून घेतली. चलने घसरली आणि डॉलरमधले कर्ज बसल्या जागी महाग झाले. बांगलादेशात तयार कपड्यांच्या ३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या रद्द झाल्या किंवा लांबणीवर पडल्या. काही ब्रँडनी शिवून तयार असलेल्या मालाचेही पैसे अडवून धरले. तिथल्या सरकारने निर्यात कारखान्यांतल्या मजुरीसाठी ५,००० कोटी टाक्यांचा कर्जनिधी उभारला आणि मजुरी कामगारांच्या खात्यांत, बऱ्याच अंशी मोबाइल खात्यांत, परस्पर जमा करायला लावली. पर्यटनावर जगणाऱ्या मालदीव, फिजीसारख्या देशांची अवस्था आणखी बिकट झाली.

एक भाकीत मात्र साफ चुकले. परदेशी गेलेल्या कामगारांनी घरी धाडलेला पैसा २०२० मध्ये २० टक्क्यांनी आटेल, असे जागतिक बँकेने एप्रिलमध्ये म्हटले होते. प्रत्यक्षात घट अगदी किरकोळ झाली. बांगलादेश, पाकिस्तान, मेक्सिको यांच्याकडे तर ओघ वाढला. घरच्यांची अडचण पाहून लोकांनी बचत मोडून पैसे पाठवले. हवाई वाहतूक बंद पडल्याने हुंडीवाले आणि खिशातून पैसे आणणारे थांबले, त्यामुळे एरवी न दिसणारी रक्कम बँकांच्या वहीत आली, हेही एक कारण सांगितले जाते.

सरकारचे हात

मदत किती द्यायची यापेक्षा ती पोहोचवायची कशी, हा प्रश्न गरीब देशांत आधी येतो. ज्यांच्याकडे चालू यंत्रणा होती त्यांना ते जमले. भारतात रेशन दुकानांमधून सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळाले. ही योजना मधल्या छोट्या खंडासह एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. रोजगार हमीवर २०२०-२१ मध्ये १ लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. गावात रेशन कार्ड आणि शहरात काम, अशा स्थलांतरितांना मात्र पहिल्या महिन्यांत या दोन्हींचा उपयोग नव्हता. ब्राझीलने सुमारे ६ कोटी ८० लाख लोकांना आणीबाणी भत्ता दिला. पहिल्या महिन्यांत तो ६०० रेआल (ब्राझीलचे चलन) होता, आणि त्या वर्षी तिथली गरिबी चक्क कमी झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोने एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरून पैसे देणारी नोव्हिसी योजना सुरू केली. गरिबांची यादी नव्हती म्हणून आधी मतदार याद्यांचा आधार घेतला. नंतर उपग्रह छायाचित्रे आणि फोनच्या वापराचा तपशील पाहून कोण गरीब असावे ते ठरवले. युक्ती हुशारीची, पण ज्याच्याकडे फोनच नाही तो या चाळणीतून खाली पडतो.

मागे राहणारे

शाळा हा सर्वांत लांब पल्ल्याचा घाव. युगांडातील शाळा मार्च २०२० मध्ये मिटल्या त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. तोवर अनेक मुले कामाला लागली होती आणि अनेक मुलींची लग्ने झाली होती. त्यांच्या पुढच्या कमाईतली तूट या शतकाच्या मध्यापर्यंत जाणवत राहील.

दुसरा घाव कर्जाचा. जी-२० देशांनी मे २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत गरीब देशांचे हप्ते पुढे ढकलले. पात्र ७३ देशांपैकी ४८ देशांनी लाभ घेतला आणि १२.९ अब्ज डॉलरचे हप्ते लांबले. खासगी धनकोंनी मात्र जवळजवळ पाठच फिरवली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑगस्ट २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलर किमतीचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे गरजेला परक्या चलनात बदलता येणारी राखीव ठेव, सदस्य देशांना वाटले. वाटप सदस्यांच्या कोट्यानुसार, म्हणजे निधीतल्या हिश्श्यानुसार, असल्याने सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला त्यांतले सुमारे २१ अब्जच आले.

श्रीलंका एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्ज फेडू शकली नाही. पर्यटन बुडाले हे एक कारण; २०१९ ची करकपात आणि २०२१ ची रासायनिक खतांवरची बंदी ही तिची स्वतःची करणी. झांबियाने तिच्या आधी, नोव्हेंबर २०२० मध्येच, ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता थकवला होता. महासाथीच्या काळात कर्ज थकवणारा तो आफ्रिकेतला पहिला देश. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले, त्याच्या पुढच्या महिन्यात झांबियाचा धनको सरकारांशी समझोता झाला. रोखेधारकांशी व्यवहार मिटायला जून २०२४ उजाडला.