कॅरम आणि बुद्धिबळ: दोन्ही बैठे, मग शारीरिक खेळ कोणता?

सोसायटीचा गणेशोत्सव असो की ऑफिसच्या वार्षिक स्पर्धा, कॅरम आणि बुद्धिबळ एकाच हॉलमध्ये होतात आणि नोटिशीवर ‘बैठे खेळ’ या एकाच मथळ्याखाली येतात. दोन्हीत खेळाडू खुर्चीवर बसलेला, घाम नाही, धाप नाही, पावसाचीही अडचण नाही. शारीरिक खेळ कोणते म्हणून विचारलं की आपण कबड्डी, खो-खो, कुस्ती सांगतो आणि या दोघांना एकत्रच बाजूला ठेवतो. माझ्या मते गफलत तिथेच होते. कॅरम हा नखशिखांत शारीरिक खेळ आहे. बुद्धिबळ नाही. दोघांच्या मधून जाणारी रेघ घामाने आखली जात नाही, म्हणून ती चटकन दिसत नाही.

ती दिसावी म्हणून एक प्रश्न विचारून बघा: खेळाडूच्या जागी दुसऱ्या कुणी हात चालवला, तर निकाल बदलेल का?

बुद्धिबळात बदलणार नाही. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये विश्वविजेता गॅरी कास्पारॉव आयबीएम कंपनीच्या डीप ब्लू या संगणकाशी खेळला, तेव्हा त्याच्यासमोर आयबीएमचा एक माणूस बसून मोहरे हलवत होता. त्या माणसाने कास्पारॉवला हरवलं असं कुणीही म्हटलं नाही. पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाली कळवून महिनोन्‌महिने डाव खेळत. दृष्टिहीन खेळाडूंसाठी जागतिक संघटनेच्या नियमांतच तरतूद आहे: दोघांसमोर वेगवेगळे पट, प्रत्येक चाल मोठ्याने बोलायची, गरज पडली तर मदतनीस घ्यायचा. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक घेतलेल्या विद्यार्थ्याचे गुण जसे त्याचेच असतात, तसा मदतनिसाच्या हाताने खेळलेला डावही खेळाडूचाच असतो.

कॅरममध्ये असा मदतनीस कल्पनेतही बसत नाही. “उजव्या पॉकेटजवळची पांढरी हलक्या कटने घे,” असं मी विश्वविजेत्या प्रशांत मोरेंना सांगितलं आणि त्यांनी ती घेतली, तर तो शॉट त्यांचा. कुठली सोंगटी घ्यायची हे मलाही दिसत होतं, पण दिसण्याला तिथे गुण नाहीत.

किती बारीक काम आहे ते एकदा आकड्यांत पाहायला हवं, कारण कॅरमला आपण फार स्वस्तात काढतो. स्पर्धेच्या बोर्डाची आतली बाजू ७४ सेंटिमीटर, पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर आणि सोंगटीचा ३ सेंटिमीटरहून किंचित जास्त. म्हणजे सोंगटी पॉकेटच्या मध्यावरून दोन्हीकडे पाऊण सेंटिमीटरसुद्धा सरकलेली चालत नाही. आता स्ट्रायकर घ्या. नियमाप्रमाणे त्याचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम, व्यास ४.१३ सेंटिमीटर. तो सोंगटीवर आदळतो त्या क्षणी दोघांच्या केंद्रांतलं अंतर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतं. स्ट्रायकरची वाट एक मिलिमीटर चुकली की सोंगटीची दिशा दीड अंशाने फिरते, आणि पॉकेट ६० सेंटिमीटरवर असेल तर ती तिथे पोहोचेपर्यंत दीड सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. फुकट. लांबची सोंगटी घ्यायची तर बोटाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी चूक परवडते. त्यात जोरही मोजून द्यायचा, म्हणजे स्ट्रायकर मागोमाग पॉकेटमध्ये जाणार नाही आणि पुढची सोंगटी हाताच्या टप्प्यात येईल. हे सगळं खुर्चीवरून न उठता, खुर्ची न सरकवता करायचं असतं.

शिवाय बोर्ड रोज तसाच राहत नाही. पावडर कमीजास्त होते, दमट हवेत बोर्ड जड होतो. डोक्यावर टांगलेल्या झाकणाच्या दिव्याचा उजेड हवाच असतो, पण त्याच्या उबेने बोर्ड कोरडाही राहतो हे जुने खेळाडू जाणून असतात. पहिल्या एकदोन शॉटमध्ये बोटाला बोर्डाचा वेग कळावा लागतो. ही समज शब्दांत पकडता येत नाही, म्हणून दुसऱ्याला उसनीही देता येत नाही.

दोघांमधला आणखी एक फरक मला फार बोलका वाटतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्याचे डाव आज शाळेतली मुलगीसुद्धा घरच्या पटावर पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत मांडू शकते, आणि तिने मांडलेला डाव बातुमीत झालेल्या डावाहून कणभरही वेगळा नसतो. कॅरमचा गाजलेला बोर्ड, म्हणजे डाव, मात्र कितीही तपशिलाने लिहून ठेवा, तुम्हाला तो परत खेळता येणार नाही. खुद्द खेळाडूलाही येणार नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे बुद्धिबळातली दमछाक. ती खरी आहे. तेव्हाचा विश्वविजेता कारपॉव आणि आव्हानवीर कास्पारॉव यांची विश्वविजेतेपदाची लढत १० सप्टेंबर १९८४ला मॉस्कोत सुरू झाली आणि ४८ डावांनंतर, १५ फेब्रुवारी १९८५ला, निकालाशिवाय थांबवावी लागली. तोवर कारपॉव चांगलाच खंगला होता. आजचे अव्वल खेळाडू व्यायाम, झोप, आहार याकडे काटेकोर लक्ष देतात, कारण पाचव्या तासाला थकलेला मेंदू चुकतो. पण इथे शरीर डाव खेळत नाही, खेळणाऱ्या मेंदूला उभं ठेवतं. तेवढं काम ते वकिलासाठी आणि रात्रपाळीच्या डॉक्टरसाठीही करतं. बुद्धिबळपटू दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो हा फिरणारा आकडा तर सोडूनच द्यावा. मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा खातो, आणि डोकं लावून विचार केल्याने त्यात थोडीच भर पडते.

कष्ट हा निकष धरला तर उलट बाजूनेही अडचण येते. मग नेमबाजीचं काय करायचं? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत सगळी धडपड शरीर हलू न देण्यासाठी असते. श्वास रोखायचा, हृदयाचा ठोकासुद्धा नळीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही. धावणं शून्य, तरी खेळ पूर्ण शारीरिक.

उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीतही हीच रेघ दिसते. बीटा ब्लॉकर ही औषधं हृदयाची गती उतरवतात आणि हाताचा कंप कमी करतात. त्यांवर नेमबाजी, तिरंदाजी, बिलियर्ड्स, डार्ट्समध्ये बंदी आहे. उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली दोन पदकं याच औषधापायी काढून घेतली गेली. बुद्धिबळातही उत्तेजक चाचण्या होतात, पण बीटा ब्लॉकर ज्या खेळांत बंद आहेत त्यांत बुद्धिबळ नाही. हात थरथरला तरी उंट त्याच घरात जाऊन बसतो.

सर्वांत कठीण कसोटी बोचियाची आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा हा पॅरालिंपिक खेळ. त्याच्या बीसी-३ गटात खेळाडूला चेंडू हाताने टाकता येत नाही, म्हणून उतरती पन्हळ वापरतात आणि ती फिरवायला मदतनीस असतो. इथे आपला प्रश्न अडखळायला हवा होता. पण नियम पाहा: मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही, खेळाडू सांगेल तेवढीच पन्हळ हलवायची. आणि चेंडू सोडायचा तो खेळाडूनेच, हाताने किंवा डोक्याला बांधलेल्या दांडीने. शरीराची हालचाल उरली ती इतकीच, तरी ती दुसऱ्याच्या हवाली केलेली नाही.

‘शारीरिक नाही’ म्हटलं की बुद्धिबळप्रेमी दुखावतात, कारण त्यांना त्यात ‘खेळच नाही’ असं ऐकू येतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिज या पत्त्यांच्या खेळाची संघटना यावर न्यायालयात गेली. २०१५ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की शारीरिक हालचाल हा व्याख्येचा भाग मानून क्रीडासंस्थेने ब्रिजला खेळाची मान्यता नाकारली, यात बेकायदा काही नाही. २०१७ मध्ये करासंबंधीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानेही ब्रिजमधला शारीरिक भाग नगण्य ठरवला. आपल्याकडे सरकारने ही अट घातलेली नाही, आणि ते मला योग्य वाटतं. देशाचा पहिला खेलरत्न पुरस्कार विश्वनाथन आनंदला मिळाला, १९९६ साली कॅरमच्या मारिया इरुदयम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही १९९९ मध्ये बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून मात्र अजून घेतलेलं नाही.

एका ठिकाणी रेघ खरोखर पुसट होते. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट बुद्धिबळात, शेवटचे दहा सेकंद उरले की चाल डोक्यात तयार असूनही हात पोहोचत नाही. मोहरा पडतो, तो उभा करण्यात वेळ जातो. ज्या हाताने चाल खेळली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, असा नियम करावा लागला तो याच ओढाताणीमुळे. तिथे दुसऱ्याचा चपळ हात मिळाला तर निकाल नक्कीच बदलेल. त्या दहा सेकंदांपुरतं बुद्धिबळ मी कॅरमच्या बाजूला ठेवीन.