ॲरोलीफ बाल्समरूट

(शास्त्रीय नाव : बाल्समोऱ्हायझा सॅजिटाटा, कुल : ॲस्टरेसी). उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या उतारांवर वाढणारी, सूर्यफुलाच्या कुलातील बहुवर्षायू रानवनस्पती. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापासून कॅलिफोर्निया व कोलोरॅडोपर्यंत, सेजब्रश या झुडपाच्या माळांवर आणि पाँडेरोसा पाइनच्या विरळ वनांत ती आढळते. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुइस व क्लार्क मोहिमेत १८०६ मध्ये तिचे नमुने गोळा केले गेले. ब्रिटिश कोलंबियातील केलोना शहराचे हे अधिकृत फूल आहे.

पाने बुडाशीच झुबक्याने येतात. ती लांब देठाची, बाणाच्या फाळासारखी असून दाट लवेमुळे रुपेरी दिसतात. एप्रिल ते जुलैमध्ये उंचीनुसार बहर येतो. प्रत्येक दांड्यावर बहुधा एकच पिवळे स्तबक (लहान फुलांचा सूर्यफुलासारखा गुच्छ) असते. ‘म्यूल्स इअर’ या तशाच दिसणाऱ्या रानवनस्पतीशी हिची गल्लत होते, त्याची पाने मात्र चकचकीत, बिनलवेची असतात आणि दांड्यावरही येतात. हिच्या फळांना एकदांडीसारखा केसांचा झुबका नसतो, म्हणून ती उडत नाहीत, झाडाच्या आसपासच पडतात.

या वनस्पतीचा खरा जीव मुळात आहे. राळेचा वास असलेले, जाड सालीचे सोटमूळ २ मीटरहूनही खोल जाते. वणव्यात पाने जळाली तरी मुळाच्या माथ्यावरील कळ्यांतून झाड पुन्हा फुटते. सॅलिश, नेझ पर्स इत्यादी आदिवासी समाज कोवळे कोंब व बिया खात. मुळे जमिनीतील खड्ड्यात भाजत. दीर्घकाळ भाजल्याने मुळातील इन्युलिन या साठवणीच्या पिष्टमय पदार्थाचे विघटन होऊन गोडी येते.

लागवड बियांपासूनच करावी. मोठे झाड उपटून लावल्यास सोटमूळ तुटते आणि ते बहुधा मरते. रानातली झाडे उपटू नयेतच. बी नखाने दाबून पाहावे : कीड लागलेले पोकळ बी चेपते. भरीव बी शरद ऋतूत सुमारे १ सेंमी. खोल पेरावे किंवा ओलसर वाळूत घालून सुमारे ३ महिने फ्रिजमध्ये ठेवावे. ते थंडीतच रुजू लागते; म्हणून शेवटच्या आठवड्यांत वारंवार पाहावे व मोड दिसताच खोल कुंडीत लावावे. उशीर झाल्यास लांबलेले मूळ हाताळताना मोडते.

पहिली काही वर्षे वाढ मुळाचीच होते. फूल यायला ३–४ वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. भर उन्हाळ्यात पाने वाळून कुरकुरीत होतात. झाड मेले असे समजून तेव्हा पाणी घालू नये. ही त्याची विश्रांती असते आणि निचरा न होणाऱ्या मातीत मूळ कुजते.