मे महिना टाळला म्हणजे क्रूझवर मुले नसतात का?

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी टाळली की क्रूझवर मुलांची वर्दळ नसते, असा सल्ला आपल्याकडचे ज्येष्ठ प्रवासी एकमेकांना आवर्जून देतात, आणि मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजापुरता तो बराचसा खराही आहे. परदेशातून निघणाऱ्या जहाजांना मात्र तो लागू पडत नाही, कारण तेथील गर्दी त्या त्या देशातील शाळांच्या सुट्ट्यांवर ठरते. इंग्लंडमधील शाळा जुलैअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात. सिंगापूरमध्ये जूनमध्येही मोठी सुट्टी असते, म्हणजे नेमकी आपल्या शाळा सुरू होतात तेव्हा. नातवंडांवर कितीही माया असली तरी प्रवासात शांतता हवीशी वाटणे मला अगदी रास्त वाटते, म्हणूनच केवळ तारखांवर विसंबू नये. खात्रीचा आधार एकच, तो म्हणजे वयाचा लेखी नियम. व्हायकिंग या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १८ वर्षांखालील प्रवाशांना प्रवेशच नाही. पी अँड ओ क्रूझेस या ब्रिटिश कंपनीच्या ताफ्यात मात्र आर्केडिया आणि ऑरोरा ही दोनच जहाजे केवळ प्रौढांसाठी आहेत, त्यामुळे आरक्षण करताना कंपनीइतकेच जहाजाचे नावही नीट पाहावे लागते.